सोडत प्रॉन्गहॉर्नची!

दोस्तांनो, म्हाडाची सोडत तुमच्या कानावर आली असेलच. घरात आई-बाबांचं बोलणं चालतं ना, "यंदा अर्ज भरायचा का?" घरं थोडी आणि अर्ज ढीगभर! मग रात्री जेवताना खल सुरू होतो. अमक्या ठिकाणची घरं ऐसपैस आहेत, पण तिथे सगळेच अर्ज करणार. तमक्या ठिकाणी गर्दी कमी, पण स्टेशन लांब. अर्ज नेमका कुठे टाकायचा?

असाच खल अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत हजारो घरांत दर वर्षी वसंत ऋतूत चालतो. फरक इतकाच, की तो घरासाठी नसतो. तो असतो एका हरणासाठी. खरं सांगायचं तर त्या हरणाच्या शिकारीसाठी.

थांबा थांबा, लगेच नाकं मुरडू नका! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सशावर गलोल चालवलीत तरी ती शिकारच, बरं का! पण अमेरिकेत काही प्राण्यांची शिकार कायद्यात बसते. बसते म्हणजे वाटेल त्याने, वाटेल तिथे, वाटेल तितकी मारावी असं नाही. प्रत्येक प्राण्यामागे एक चिठ्ठी लागते. तिला म्हणतात 'टॅग'. एक टॅग म्हणजे एक प्राणी, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या हद्दीत. आणि ज्या प्राण्याचे टॅग कमी नि मागणारे फार, त्यांची काढतात सोडत. शिकार चांगली की वाईट, हा वाद घरी जरूर घाला. पण त्याआधी ही सोडत चालते कशी, ते तर पाहू या. तिच्यात भूगोल आहे, गणित आहे, थोडी नागरिकशास्त्रातली भांडणंही आहेत.

हा प्राणी तरी कोणता?

त्याचं नाव प्रॉन्गहॉर्न. म्हणजे फाटा फुटलेल्या शिंगाचा. तपकिरी अंग, पांढरंशुभ्र पोट, गळ्यावर पांढरे पट्टे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे काळे डोळे. वजनाला आपल्या काळविटापेक्षा थोडा जास्तच. अमेरिकेत सगळे त्याला 'अँटिलोप' म्हणतात, पण खरं तर तो आपल्या काळवीट-चिंकाऱ्यांच्या कुळातला नाहीच. त्याच्या कुळात आज जगात तो एकटाच उरलाय. जिवंत प्राण्यांमध्ये त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण, ओळखा पाहू? जिराफ आणि ओकापी!

त्याच्या शिंगांची गंमत तर ऐकाच. चितळ-सांबरांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगं गळत नाहीत, जन्मभर तीच. प्रॉन्गहॉर्नने दोन्हींचा मध्य काढलाय. आतलं हाड कायम राहतं, वरची टोपी मात्र दर वर्षी गळून पडते आणि नवी चढते. जणू दर दिवाळीला नवा फेटा!

आणि धावणं? ताशी ८० ते ९० किलोमीटर. चित्ता यापेक्षा वेगवान खरा, पण काही सेकंदांत त्याला धाप लागते. प्रॉन्गहॉर्न मैलोन् मैल पळत राहतो. आज अमेरिकेत त्याला पळून गाठील असा एकही शिकारी प्राणी नाही. मग एवढा वेग कशासाठी? जॉन बायर्स या शास्त्रज्ञाने याचं एक उत्तर मांडलं. हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेतही चित्त्यासारखं एक वेगवान जनावर होतं. ते सुमारे १२,००० वर्षांपूर्वी नामशेष झालं. पण प्रॉन्गहॉर्नचे पाय अजून त्याच्याच भीतीने पळताहेत! सगळ्याच शास्त्रज्ञांना हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही, पण ऐकायला झकास आहे की नाही?

बंदुकीपुढे मात्र या पायांचं काही चाललं नाही. एकेकाळी हे प्राणी कोट्यवधी होते, असा अंदाज आहे. रेल्वे आली, कुंपणं आली, मांसासाठी बेसुमार कत्तल झाली. शिवाय हा प्राणी जरा भोचक! दूर काही फडफडलं की 'काय बरं ते' म्हणून जवळ येऊन बघायचा. जुने शिकारी गवतात आडवे पडून नुसतं फडकं हलवायचे. एडवर्ड नेल्सन या सरकारी अधिकाऱ्याने १९२२ ते १९२४ या काळात माहिती गोळा केली, तेव्हा अख्ख्या उत्तर अमेरिकेत तीस हजारांच्या आसपास प्रॉन्गहॉर्न उरले होते. मग शिकारीवर कडक बंधनं आली. नेवाडात १९३१ साली शेल्डन आणि ऑरेगॉनमध्ये १९३६ साली हार्ट माउंटन, अशी अभयारण्यं झाली. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठीच खर्च करण्याचा कायदा झाला. आज प्रॉन्गहॉर्न पुन्हा लाखांत आहेत.

लाखांत आहेत, पण सगळीकडे सारखे नाहीत. सगळी गोम इथेच आहे!

सहा झोन, एक अर्ज

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला सॅन होजेला राहणारे काका-मावशी आठवतात, कॉम्प्युटर आठवतात, हॉलिवूड आठवतं. पण याच राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक अगदी वेगळा मुलूख आहे. उंच पठार, करड्या रंगाची सेजब्रशची झुडपं, दूरदूर एखादं गाव. सॅन फ्रान्सिस्कोहून मोटारीने निघालं तर दिवस जातो. हे मोडॉकचं पठार आपल्या दख्खनसारखंच लाव्हारसातून झालेलं, काळ्या बेसॉल्टचं! कॅलिफोर्नियातले बहुतेक प्रॉन्गहॉर्न या कोपऱ्यात आहेत. एकेकाळी ते दक्षिणेत लॉस एंजेलिसजवळच्या मैदानातही होते. त्या मैदानाचं नावच 'अँटिलोप व्हॅली'. आता तिथे नाव राहिलंय, कळप गेले.

शिकारीसाठी या कोपऱ्याचे सहा झोन केलेत. पश्चिमेकडे माउंट डोम. त्याच्या पूर्वेला, जलाशयाभोवतीच्या दगडगोट्यांच्या पठारावर क्लिअर लेक. दक्षिणेकडे लॅसेन. मग बिग व्हॅली. ही पिट नदीच्या काठची मोठी दरी, तिच्यात लसूणघासाची हिरवीगार शेतं. पूर्वेला वॉर्नर पर्वताच्या पलीकडे, नेवाडाच्या सीमेला टेकलेली सरप्राइज व्हॅली. वाळवंट तुडवून आलेल्या प्रवाशांना एकदम हिरवळ दिसली म्हणून म्हणे हे नाव पडलं. तिथे तीन खारे तलाव आहेत आणि कोरड्या वर्षांत त्यांचं नुसतं पांढरं मैदान होतं. सहावा झोन लाइकली टेबल्स. 'टेबल' म्हणजे पाचगणीच्या टेबललँडसारखी सपाट माथ्याची पठारं. आणि लाइकली हे तिथलं एक इवलंसं गाव. इंग्रजीत लाइकली म्हणजे 'बहुधा'! सोडतीच्या अर्जावर लिहायला यापेक्षा चांगलं नाव सापडेल?

अर्जाची शेवटची तारीख २ जून. जूनच्या मध्याला निकाल. शिकार ऑगस्टमध्ये, जेमतेम आठवडा-दीड आठवडा.

आता समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात. (काहीजण आहातच!) मोडॉक काउंटीतल्या अल्तुरास गावात राहता. शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केलाय, परीक्षा पास झालात, परवाना मिळालाय. हे सगळं झाल्याशिवाय तिथे अर्जाला हातही लावता येत नाही. मग झोन कुठला लिहाल? "जिथे सगळ्यांत जास्त प्रॉन्गहॉर्न, तो!" असं पटकन म्हणाल. तर मग चुकलात. कारण असं म्हणणारे तुम्ही एकटे नाही.

रांगेचं गणित

कॅलिफोर्नियात २००२ पासून पॉइंटची पद्धत आहे. यंदा नंबर लागला नाही, तर एक पॉइंट मिळतो. पुढच्या वर्षीही नाही लागला, तर दोन. असे साठत जातात. आणि ज्या दिवशी नंबर लागतो, त्या दिवशी सगळे पॉइंट शून्य! प्रत्येक झोनच्या प्रॉन्गहॉर्न टॅगपैकी ७५ टक्के टॅग जास्तीत जास्त पॉइंटवाल्यांना मिळतात. उरलेले २५ टक्के मात्र शुद्ध नशिबाचे. त्यात वीस पॉइंटवाल्या आजोबांची चिठ्ठी आणि तुमची शून्य पॉइंटची चिठ्ठी एकाच डब्यात!

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका झोनमध्ये २० टॅग आहेत. म्हणजे १५ रांगेतल्यांना, ५ डब्यातून. आणि समजा, सर्वांत जास्त पॉइंट असलेले ३०० जण या झोनसाठी उभे आहेत. दर वर्षी त्यातले १५ सुटणार. ३०० भागिले १५, म्हणजे २० वर्षं! तीही फक्त पहिल्या पंगतीची. तुम्ही आज बारा वर्षांचे असाल, तर तुमच्यापुढची ही पंगत उठेपर्यंत तुम्ही बत्तीस वर्षांचे होणार. आणि तुमच्यापुढे आणखी पंगती आहेतच. एस.टी.च्या रांगेत शेवटी उभं राहावं, बस दर वेळी पुढच्या पंधराजणांना घेऊन जावी आणि रांग काही हलू नये, तसं हे. मला विचाराल तर या पद्धतीत म्हाताऱ्यांची सोय जास्त झालीय आणि पोरांची कमी.

मग डब्यातल्या पाच टॅगांचं काय? तिथे एकच आकडा महत्त्वाचा. टॅग किती हे नव्हे, तर एका टॅगमागे अर्ज किती! पाच टॅगांना दोन हजार अर्ज असतील, तर चारशेत एक संधी. दुसऱ्या एखाद्या झोनमध्ये डब्यातून एकच टॅग निघणार असेल, पण अर्ज शंभरच असतील, तर तोच झोन चौपट बरा. लहान झोनसाठी नियमही वेगळा आहे. टॅग एकच असेल तर तो सरळ डब्यातूनच काढतात, पॉइंट बघतच नाहीत. दोन-तीन टॅग असले, तर त्यातला एक डब्याचा. (वर घेतलेले आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, बरं का. खरे आकडे दर वर्षी बदलतात आणि तिथलं वन्यजीव खातं ते छापून प्रसिद्ध करतं.)

इथे एक फसगत असते. समजा, तुम्हाला दहात एक अशी छान संधी असलेला झोन सापडला. बरेचजण म्हणतात, "चला, म्हणजे दहा वर्षांत नक्की!" नाही हं! दर वर्षी नंबर न लागण्याची शक्यता दहात नऊ. ०.९ ला ०.९ ने असं दहादा गुणत जा. उत्तर येईल सुमारे ०.३५. म्हणजे अशी शंभर मुलं दर वर्षी अर्ज करत राहिली, तर दहा वर्षांनंतरही त्यातली पस्तीस मुलं रिकाम्या हाताने बसलेली असतील. करून पाहा, कॅल्क्युलेटर वापरलात तरी चालेल.

आणखी एक. गेल्या वर्षीचे आकडे फक्त तुम्हीच थोडे वाचता? सगळेच वाचतात! गेल्या वर्षी जो झोन रिकामा होता, त्यावर यंदा झुंबड उडते. कालची रिकामी बस आज पायरीपर्यंत भरलेली. म्हणून जाणते शिकारी एका वर्षाचे नाही, तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघतात.

पोरांसाठी मात्र एक दार वेगळं ठेवलंय. काही झोनमध्ये 'अप्रेंटिस' म्हणजे शिकाऊ शिकाऱ्यांचे टॅग असतात. अर्ज फक्त ज्युनिअर परवान्यावरच्या मुलामुलींनी करायचा. सोबत एक मोठं माणूस हवं आणि त्या मोठ्या माणसाने स्वतः शिकार करायची नाही. वीस-वीस वर्षं थांबलेल्या आजोबांना ही रांगच बंद. आपल्या अल्तुरासच्या बारा वर्षांच्या मुलीने सगळ्यात आधी पाहावा तो हा तक्ता. धनुष्यबाणाच्या शिकारीचेही काही झोनमध्ये वेगळे टॅग असतात. त्यांना गर्दी सहसा कमी असते. पण बाणाने नेम साधायचा तर प्रॉन्गहॉर्नच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि उघड्या माळावर त्या काळ्याभोर डोळ्यांना चुकवणं म्हणजे काय खाऊ आहे?

(काही मोजके टॅग लिलावातही जातात. पैसेवाले बोली लावतात आणि तो पैसा प्राण्यांसाठीच खर्च होतो. ठीक आहे. पण रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला हे कसं समजावणार, ते मला सुचत नाही.)

टॅग मिळाला, पण उभं कुठे राहायचं?

गणित झालं. आता नकाशा काढा.

टॅग मिळाला म्हणजे त्या झोनमध्ये कुठेही जाता येतं, असं नाही. झोनमधली काही जमीन सरकारी असते. तिथे कोणीही जावं. काही शेतकऱ्यांची नि पशुपालकांची खाजगी असते. तिथे मालकाने परवानगी दिली तरच पाय ठेवायचा. ऑगस्टमध्ये माळ वाळून कोळ झालेला असतो आणि लसूणघासाची शेतं मात्र हिरवी. प्रॉन्गहॉर्नला काय सरकारी आणि काय खाजगी! तो खुशाल कुंपणाखालून सरपटत शेतात शिरतो. हो, खालूनच. हा वेगाचा राजा उडी मारायच्या फंदात सहसा पडत नाही. आणि टॅग खिशात घेऊन शिकारी बाहेर उभा. समोर पंचपक्वान्नांचं ताट आणि तोंडाला कुलूप! म्हणून बिग व्हॅलीसारख्या शेतीच्या झोनमध्ये अर्ज करण्याआधी शहाणी माणसं शेतकऱ्याचं दार वाजवतात. टॅग मिळाल्यावर नाही, आधी.

जमिनीचा हा तिढा खूप पूर्वेकडच्या वायोमिंग राज्यात आणखी मोठा आहे. प्रॉन्गहॉर्न सर्वांत जास्त आहेत ते तिथेच. कॅलिफोर्नियातले टॅग मोजके, तर वायोमिंगमध्ये ते दर वर्षी हजारोंनी निघतात. काही विभागांत ते सहज मिळतात. पण सहज का मिळतात, ते बघायला नको का? तिथल्या काही विभागांत बहुतेक जमीन खाजगी आहे आणि 'इथे सामान्य माणसाला जायला वाट मिळणं अवघड' असं खातं स्वतःच कळवतं. तरी दूरच्या राज्यांतली माणसं आनंदाने अर्ज करतात, टॅग मिळवतात आणि मग रस्त्याच्या कडेला गाडी लावून दुर्बिणीतून नुसते कळप बघतात.

काही ठिकाणी तर चक्क बुद्धिबळाचा पट मांडलाय. १८६० च्या दशकात रेल्वे टाकताना सरकारने लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन रेल्वे कंपनीला एकाआड एक देऊन टाकले. मधले चौकोन सरकारकडे राहिले. पुढे कंपनीचे चौकोन खाजगी मालकांकडे गेले. आता काळे चौकोन सरकारचे, पांढरे चौकोन मालकांचे असं समजा. एका काळ्यातून दुसऱ्या काळ्यात जायचं कसं? उंटासारखं तिरकं! कोपऱ्याला कोपरा लागतो, तिथून. पण त्या टोकावरून पलीकडे जाताना तुमचा खांदा क्षणभर पांढऱ्या चौकोनाच्या हवेत येणार ना? मालक म्हणाले, "हवासुद्धा आमची!" २०२१ साली चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमधल्या अशा कोपऱ्यावर शिडी ठेवली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. ते आले होते एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला, पण प्रश्न सगळ्यांचाच होता. मालकाने कोर्टात खेचलं. लढाई चार वर्षं चालली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या अपील न्यायालयाच्या कक्षेतल्या राज्यांत आता उंटाची चाल चालते. नकाशावर जे चौकोन लोकांना बंद होते, ते एका निकालाने उघडले. आणि अर्थातच त्या विभागांतल्या अर्जांचा विचार लोकांना नव्याने करावा लागला.

ऑगस्टचं ऊन आणि जानेवारीचा बर्फ

झोनच्या हद्दी माणसांनी आखलेल्या. बहुतेक ठिकाणी रस्ता हीच सीमा. प्रॉन्गहॉर्नना त्या ठाऊक नाहीत. थंडीत बर्फ पडला की ते उघड्या, कमी बर्फाच्या जागी मोठ्या कळपांनी जमतात. खात्याची माणसं हिवाळ्यात विमानातून त्यांची मोजणी करतात. त्या मोजणीवरून आणि शंभर माद्यांमागे नर किती, यावरून त्या वर्षीचे टॅग ठरतात. एक नर अनेक माद्यांबरोबर राहतो. त्यामुळे थोडे नर कमी झाले तरी पाडसांची संख्या फारशी घटत नाही, म्हणून बरेचसे टॅग नरांचेच असतात. पण ध्यानात घ्या, मोजणी जानेवारीची आणि शिकार ऑगस्टची! हिवाळ्यात जिथे पाचशेचा कळप दिसला, तिथे उन्हाळ्यात शुकशुकाट असू शकतो. कळप फुटून, पांगून, कदाचित शेजारच्या झोनमध्ये गेलेला असतो.

उन्हाळ्यात एकच गोष्ट त्यांना बांधून ठेवते. पाणी! म्हणून नकाशावर पाणवठे शोधायचे, आणि जमलं तर जुलैत स्वतः जाऊन पाहून यायचं. पाणी आहे का? कडेच्या चिखलात खुरांचे ठसे ताजे आहेत का? झाडं किती आहेत? झाडं जास्त असली तर वाईट, बरं का! आपल्याला उलटं वाटतं. पण प्रॉन्गहॉर्न हा उघड्या माळाचा प्राणी. दूरवर दिसलं तरच त्याला सुरक्षित वाटतं. मोडॉक भागात जुनिपरची झाडं माळावर पसरत चालली आहेत आणि तिथून तो काढता पाय घेतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या काळविटांनाही माळच हवा असतो. 'झाडे लावा' ही घोषणा चांगलीच, पण काळविटाला विचाराल तर तो म्हणेल, "माझ्या माळावर नको!"

एखादा वाईट हिवाळा तर सगळे बेत उलटेपालटे करतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायोमिंगच्या पश्चिम भागात बर्फ हटेचना. त्यातच न्यूमोनियाची साथ आली आणि प्रॉन्गहॉर्न हजारोंनी मेले. २०२३ साली राज्याने टॅग हजारोंनी कमी केले. वर्षानुवर्षं पॉइंट साठवत बसलेल्यांपुढे प्रश्न आला. आता उरलेल्या थोड्या टॅगांसाठी पॉइंट खर्चायचे, की कळप सावरेपर्यंत थांबायचं? काहींना वाटलं, थांबावं. काही म्हणाले, आमचं वय झालंय, पुढच्या पाच-सहा वर्षांनी गुडघे साथ देतील का? दोघांचंही खरं होतं.

आमच्या अल्तुरासच्या मुलीला मात्र मी सांगेन, की घराजवळचा झोन लिही. दूरच्या झोनमधले नर मोठ्या शिंगांचे असतील, असू देत. घराजवळच्या माळावर शनिवार-रविवार जाता येतं, पाणवठे पाठ होतात आणि शेतकरीकाका नावाने ओळखतात. दुर्बिणीतून नर ओळखायला शिकता येतं. गालावर काळा डाग दिसतो का? शिंग कानापेक्षा उंच आहे का, किती उंच आहे? हे पुस्तकात वाचून जमत नाही. मे महिन्यात तक्त्यातल्या एका टक्क्यासाठी भांडणारे मोठे लोक ही गोष्ट नेहमी विसरतात. शिवाय ऑगस्टचं ऊन! शिकार झालीच, तर मांस तासा-दोन तासांत थंड करावं लागतं, नाहीतर ते नासतं. आणि मारलेल्या प्राण्याचं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. बर्फाची पेटी ठेवलेली गाडी दहा मैलांवर असेल, तर तो झोन कितीही चांगला असला तरी बारा वर्षांच्या मुलीचा नव्हे.

गोळीही कुठली वापरायची ते ठरलेलं आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची किंवा दुसऱ्या धातूची हवी. कारण तिथे काँडोर नावाचं प्रचंड गिधाड आहे. शिकाऱ्यांनी माळावर टाकलेली आतडी ते खायचं, त्यातले शिशाचे कण पोटात जायचे आणि विषबाधा होऊन मरायचं. आपल्या गिधाडांना गुरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकने मारलं, तसंच काहीसं.

नेम लागला, की आधी टॅग भरायचा. तारीख लिहायची आणि तो शिंगाला बांधायचा. घरी आल्यावर खात्याला अहवाल पाठवायचा. आणि नेम चुकला किंवा आठवडाभर नुसती धूळ खाल्ली, तरीही अहवाल पाठवायचाच. "प्राणी मिळाला नाही" एवढंच लिहिलेले ते कागदसुद्धा खात्यात मोजले जातात. कोणत्या झोनमधून किती आले, ते पाहूनच पुढच्या वर्षीच्या टॅगांचा हिशेब सुरू होतो.